तीन पवित्रे, एक मूठ

मी आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही. तरीही रायफलच्या लाकडी दस्त्याची मूठ कशी असावी, झोपून नेम धरताना मनगट कुठे वळतं आणि उभं राहिल्यावर तेच मनगट का कुरकुरतं, हे मी कुणालाही बसून समजावून देऊ शकतो. हे ज्ञान मला पत्नीमुळे मिळालं. ती गेल्याला आता वर्ष होत आलं. भेटायला आलेली माणसं तिच्या हातच्या वालाच्या बिरड्याबद्दल बोलली, तिच्या मायाळूपणाबद्दल बोलली. एकाने तर ती स्वभावाने फार शांत होती असंही सांगितलं. मी ऐकून घेतलं. ती शांत असे ती फक्त चापावर बोट असताना. पण ते कुणी बोललं नाही, कारण ज्यांनी ते पाहिलं ती माणसं आता फारशी उरलेली नाहीत. म्हणून मी लिहायला बसलो आहे. हळूहळू लिहितो. एक परिच्छेद झाला की उठून अंगणात एक फेरी मारून येतो.

तिचं माहेर कशेळ्याच्या अलीकडचं, भातशेतीचं गाव. भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरत. राखणीसाठी तिच्या वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. शेताच्या बांधावर चार खांबांचा माळा, त्यावर उभं राहून खाली नेम धरायचा. वडिलांबरोबर ती लहानपणापासून त्या माळ्यावर चढत असे, आणि थोडी मोठी झाल्यावर बंदूक तिच्याच हातात राहू लागली. लग्न होऊन ती खालापूरला आली. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि शाळेचं वाचनालय सांभाळत होतो. घरात माझी आई, मी आणि ती. गाव तिला मास्तरीणबाई म्हणू लागलं.

बासष्टच्या लढाईनंतरच्या वर्षांत ठिकठिकाणी रायफल क्लब निघाले होते. आमच्या भागातला क्लब कर्जतच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दगडाच्या जुन्या खाणीत होता. तिथे दर रविवारी चांदमारी, म्हणजे कागदावरच्या काळ्या चांदावर नेमबाजी, चाले. शिकवायला साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी एकदा शाळेत येऊन सांगितलं, की नागरिकांनी नेमबाजी शिकावी, बायकांनीही शिकावी, बायकांसाठी वेगळी वेळ ठेवली आहे. शिक्षकांच्या बायका गंमत म्हणून गेल्या. बार झाला की कान झाकत आणि एकमेकींच्या अंगावर पडून हसत. माझ्या बायकोची पाळी आली. तिने गोळ्या झाडल्या आणि रायफल खाली ठेवून पदर सारखा केला. सुभेदार टार्गेटचा कागद घेऊन आले. एकदा कागदाकडे बघत, एकदा तिच्याकडे.

"कुठं शिकलात, बाई?"

"डुकरांवर."

"किती मारलीत?"

"एक बी नाय. पन एकदा आलेली परत आली नायत."

सुभेदार हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारपासून हसणाऱ्या बायकांबरोबर यायचं नाही. आधी यायचं."

असं ते सुरू झालं. पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी सुभेदारांनी बातमी आणली. पुण्याला राज्याच्या स्पर्धा होत्या, आणि जिल्ह्याच्या महिला संघात एक जागा रिकामी होती. त्या जागेची निवड मार्गशीर्षात आमच्याच खाणीत व्हायची होती. घरी येताना ती नेहमीपेक्षा भरभर चालत होती. मी विचारलं, "तुला जायचंय का?"

"कर्जतच्या पुढं मी कदी माझ्या कामानं गेलेच नाय," ती म्हणाली. "लग्नाला गेले, बारशाला गेले, दवाखान्यात गेले. पुण्याला येकदा मला माझ्या कामानं जायचंय. तुमी सोबत या, पन काम माझं."

तेवढंच तिला हवं होतं.

अडचण मुठीची होती. निवडीत तीन पवित्रे असतात: आधी झोपून, मग उभं राहून, शेवटी एका गुडघ्यावर बसून. तिन्ही पवित्रे एकाच रायफलीने, एकाच दस्त्याने करायचे, मध्ये काही बदलायचं नाही, असा नियम होता. आमच्या क्लबात एकाच बनावटीच्या दोन रायफली होत्या. एकीची मूठ सरळ, म्हणजे दस्ता जिथे हातात धरायचा तिथे काठीसारखा सरळ मागे जाणारा. दुसरीची मूठ वाकडी, खाली उतरणारी, छत्रीच्या मुठीची आठवण करून देणारी. कोणती घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

तिने आधी सरळ मुठीची घेतली. वडिलांच्या बंदुकीची मूठ तशीच होती. उभं राहिल्यावर ती बंदूक तिच्या अंगाचा भाग वाटे. उजवं कोपर घारीच्या पंखासारखं वर उचललेलं, गाल लाकडाला टेकलेला. पण चटईवर पालथं झोपल्यावर सगळं बिघडे. झोपून नेम धरताना कोपर जमिनीवर टेकतं आणि हात खालून वर येतो. तशा हाताने सरळ मूठ धरायची तर मनगट मुडपावं लागतं. मुडपलेल्या मनगटाचं बोट चाप सरळ मागे ओढत नाही, ओढता ओढता नळी हलवतं. तिच्या गोळ्या कागदभर भटकत.

मग तिने वाकड्या मुठीची घेतली. झोपून इतकं छान जमलं, की सगळ्या गोळ्या एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या. गुडघ्यावरही ठीक. उभी राहिली मात्र, की गोळ्या डावीकडे जात. सुभेदार ओरडत, "कोपर खाली! कोपर खाली!" पण ते सगळ्यांनाच, सारखंच ओरडत, त्यामुळे ते कुणी ऐकत नसे. डावीकडे का, ते मी एका रविवारी जवळ उभं राहून बघितलं तेव्हा कळलं. कोपर वर उचललं की हातातल्या काचेच्या बांगड्या मनगटाशी येऊन थांबत आणि मूठ व मनगट यांच्यात सापडत. हात पुरता पुढे जात नसे, बोटाचं जेमतेम टोक चापावर पोचे, आणि टोकाने दाबलं की रायफल डावीकडे ढकलली जाई.

मी हे सुभेदारांना सांगितलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "मग बांगड्या काढा की, बाई! कॉलेजच्या मुली काढतात."

"मी कॉलेजची नाय," ती म्हणाली.

"तासाभराचा प्रश्न आहे."

"साहेब, तुमी टोपी काढून सलाम कराल का? तासाभराचाच प्रश्न हाय."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते दुसऱ्या चटईकडे गेले. आमच्याकडे नांदत्या बाईचा हात मोकळा ठेवत नाहीत. नवी बांगडी भरतानाही जुनीतली एखादी हातात ठेवूनच भरतात. तिची त्यावर श्रद्धा होती की ती नुसती सवय होती, ते मी कधी विचारलं नाही. शेवटी ती गेली तीही भरल्या हातांनी गेली, एवढं इथे लिहून पुढे जातो.

सरळ मूठ घ्यावी तर झोपून गुण जात होते. वाकडी घ्यावी तर उभं राहून. ती म्हणाली, "लाकूडच बदलू." क्लबाच्या खोलीत वाकड्या मुठीचा एक जुना, टवके उडालेला दस्ता पडून होता. सुभेदारांनी नळी, चाप, सगळं लोखंड कुलपात ठेवून नुसतं लाकूड आमच्या हवाली केलं. "घासा, कापा, काय वाटेल ते करा," ते म्हणाले. "बिघडला तर चुलीत घाला. जमला तर मी रायफलीला बसवून देतो."

घासायचं खरं, पण कुठे आणि किती? मी वाचनालयात धुंडाळलं. नेमबाजीवर काही मिळालं नाही. उपाय तिला सापडला, तो स्वयंपाकघरात. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिने ती चांगली मळली आणि दस्त्याच्या मुठीवर जाडसर थापली. मग ओटीवर पालथी झोपून, नेम धरल्यासारखी, तिने मूठ आवळली. उकडीत तळहात उमटला, अंगठ्याची खाच उमटली. तो साचा मी सुरीने अलगद सोडवून पाटावर ठेवला. दुसरी उकड थापून ती गुडघ्यावर बसली. तिसरी थापून उभी राहिली.

आई दारातून बघत होती. "मोदक करायचं सोडून बंदुकीला उकड! सारण काय घालणार गं, बारूद?"

"तुमी खाणार आसाल तर गूळखोबरं घालते, आत्याबाई."

"मला नको. तुझ्या नवऱ्याला घाल. तो पुस्तकं बी खातो."

पाटावर तीन साचे ओळीने मांडले होते. झोपून घेतलेला आणि गुडघ्यावरचा जवळजवळ एकसारखे दिसत होते. उभ्याचा मात्र निराळाच, लांब आणि सरळ, जणू दुसऱ्याच बाईचा हात. मी बराच वेळ बघत बसलो. मला पोथ्या वाचायची सवय होती. एकाच ओवीच्या तीन नकला समोर असल्या, दोन जुळत असल्या आणि तिसरीत भलतंच असलं, तर चूक बहुतेक तिसऱ्या लेखनिकाची असते. मी म्हणालो, "मला वाटतं, लाकडाचा दोष नाही. तू उभी राहतेस त्यात काहीतरी आहे."

ती रागावली. "बाबांनी आसंच शिकवलंय. कोपर वर."

"बाबा माळ्यावर होते. डुक्कर खाली होतं. खाली नेम धरताना कोपर वर जाणारच. खाणीतला चांद तुझ्या डोळ्यांसमोर असतो."

आपला बाप चुकला नव्हता, जागा बदलली होती, हे मनात बसायला तिला थोडा वेळ लागला असावा. मग तिने दस्ता पुन्हा खांद्याला लावला, गाल टेकला आणि कोपर सावकाश खाली सोडलं. हात मनगटापासून कोपराकडे उतरता झाला आणि त्याबरोबर सगळ्या बांगड्या खळ्ळकन कोपराकडे घसरल्या.

ती तशीच स्तब्ध राहिली. "आवो, ऐकलंत?"

"काय?"

"बांगड्या गेल्या. आपल्या आपन गेल्या."

मी नुसता साच्यांकडे बघत होतो. बांगड्यांचं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तिने घाईघाईने चौथी उकड थापली, कोपर खाली ठेवून मूठ आवळली, आणि तो साचा पाटावर पहिल्या दोघांच्या शेजारी ठेवला. तिघे सख्खे भाऊ वाटत होते. सरळ मुठीचा प्रश्न तिथेच संपला. सरळ मुठीला कोपर वर लागतं, आणि झोपून कोपर वर उचलता येत नाही. वाकडी मूठ हवी होती, तिन्ही पवित्र्यांना तीच. आणि सुभेदार वर्षभर बरोबर ओरडत होते.

पुढचे काही आठवडे घरात कानशीचा आवाज चालू होता. वाकडी मूठ मुळात कुठल्या तरी मोठ्या पंजाच्या माणसासाठी केलेली होती. तिने ती उकडीच्या साच्याशी ताडून बारीक केली. अंगठा आम्ही वरून पलीकडे न टाकता दस्त्याच्या कडेलाच टेकवायचं ठरवलं, कारण अंगठ्याने आवळलं की उभं असताना सगळा पंजा आवळतो. तिथे सरस आणि लाकडाचा भुसा कालवून तिने एक छोटा उंचवटा चढवला. मुठीच्या मागच्या अंगाला, मनगटाजवळ, एखादी बांगडी रेंगाळलीच तर तिला जागा असावी म्हणून थोडं लाकूड खरवडून काढलं. मग काचकागद, मग तेल. सुभेदारांनी तो दस्ता रायफलीला बसवला, स्वतः धरून पाहिला आणि म्हणाले, "माझ्या हाताला भिकार आहे." यापेक्षा मोठी पावती नव्हती. त्या महिन्यात तिचे तिन्ही पवित्र्यांचे कागद जवळपास एकसारखे येऊ लागले, आणि ती रविवारी घरी येताना गुणगुणू लागली.

निवड रविवारी होती. शनिवारी दुपारी शाळा सुटून मी घरी आलो, तर ओटीवर कासाराची पेटी उघडी आणि आई समोर बसून हुकूम सोडत होती. "आनखी एक चढव. सैल नको. सैल बांगडी घातली की लोक म्हणतात, घरात खायला नाय."

कासार मुरलेला होता. बायकोचा पंजा दाबून, अंगठा आत मुडपून, तो एकेक घट्ट हिरवी बांगडी चढवत होता. आधीच्या सैल बांगड्या उतरवून झाल्या होत्या. दोन्ही हात मनगटापासून भरगच्च भरले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

कासार गेल्यावर मी आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालो, "अगं, मूठ त्या जुन्या बांगड्यांच्या मापाने घासलीय."

"ठावं हाय."

"मग नाही म्हणायचं ना."

"कशी म्हनू? सून चार लोकांत जाते, हात भरलेला हवा, म्हणून त्यांनी सकाळपासून निरोप धाडून कासार बोलावला. मी त्यांच्या हातांकडं बघितलं आनि बसले."

माझ्या आईच्या हातात वडील गेल्यापासून काहीच नव्हतं. बायकोने केरसुणी रायफलीसारखी खांद्याला लावून कोपर खाली सोडलं. नव्या बांगड्या घसरल्याच नाहीत. मनगटाशीच घट्ट बसून राहिल्या. रायफल क्लबाच्या कुलपात होती, कानस चालवायला आता वेळ नव्हता, आणि नुकताच भरलेला चुडा उतरवायचा विचारही त्या घरात कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं.

खाणीत त्या सकाळी बरीच गर्दी जमली होती. दोरीच्या मागे सतरंजीवर बायका बसल्या होत्या, पुढे माझी आई. अलिबागहून पंच आले होते. चष्मा लावलेले, कडक इस्त्रीचे. खांबावर लाऊडस्पीकरचा भोंगा बांधला होता. उमेदवार पुष्कळ होत्या, पण खरी लढत एका कॉलेजातल्या उंच मुलीशी होती. तिचे हात मोकळे होते आणि चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. माझ्या बायकोने शेतात नेसतात तसं कासोट्याचं लुगडं घट्ट नेसलं होतं.

झोपून झालेल्या गोळ्यांचे कागद आले. गोळ्या एकत्र होत्या, पण सगळा घोळका डावीकडे सरकलेला. मुलगी पुढे होती. मग उभं राहायची पाळी. आधी नेम जुळवायला सरावाच्या गोळ्या मिळतात, त्या मोजत नाहीत. तिने कोपर खाली सोडलं. बांगड्या जागच्या हलल्या नाहीत, मुठीच्या कडेला टेकून राहिल्या. पहिली गोळी डावीकडे. दुसरी आणखी डावीकडे. तिने रायफल खाली घेतली, तळहात पदराला पुसला, पुन्हा लावली. तिसरीही डावीकडे. मला दोरीपाशी उभं राहून सगळं दिसत होतं आणि काहीही करता येत नव्हतं. सुभेदार दुसऱ्या टोकाला मान खाली घालून उभे होते.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. वाटणीच्या भांडणात अख्ख्या आळीला ऐकू जाई, तो आवाज.

"अगं, अशी काय पाव्हण्यासारखी उभी हायस! भांडायला उभी ऱ्हातेस तशी उभी ऱ्हा की! सार त्या मागं!"

पंच ताडकन वळले. "ओ बाई! उमेदवाराला सूचना द्यायची नाही. नियम आहे."

"मी बंदुकीचं कुठं बोलले?" आई म्हणाली. "मी आमच्या सुनेच्या बांगड्यांचं बोलले. त्याला बी नियम हाय का रं बाबा?"

सगळ्या बायका हसल्या. पंचांनी चष्मा सारखा केला. माझी बायको मात्र हसली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. बाई भांडायला पुढे सरसावते किंवा लावणीच्या चिखलात उतरते तेव्हा आधी काय करते, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. डाव्या हाताने ती उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारते. तिच्या जुन्या सैल बांगड्या सारल्या असत्या तर पुढच्या क्षणी परत मनगटावर आल्या असत्या. म्हणून रायफल धरताना हे आम्हा कुणाला सुचलंच नव्हतं. पण या घट्ट होत्या.

तिने रायफल टेबलावर ठेवली. डाव्या मुठीत सगळा चुडा धरला आणि दात आवळून मागे सारला. हात जिथे जाड होतो तिथवर तो गेला आणि रुतून बसला. तिने हात झटकला. एकही बांगडी वाजली नाही.

पंच जवळ आले. "हे काय? हाताला आधार चालत नाही. काही बांधलंय?"

"बांधलं काय नाय. बांगड्या हायत. घरून घालून आलेय."

पंच विचारात पडले. कसलाच आधार रायफलीला टेकता कामा नये, असा त्यांचा नियम होता. त्यांनी तिला नेम धरायला सांगितलं, खिशातून कागदाची एक पट्टी काढली आणि बांगड्या व लाकूड यांच्यातून ती अलगद फिरवली. पट्टी कुठेही अडली नाही. त्यांनी ती पुन्हा एकदा फिरवली, मग मान हलवली. "चालू द्या."

तळहात आता मुठीत पुरता बसला होता. जिथे आम्ही महिनाभर घासलं होतं, तिथे तो जाऊन टेकला. अंगठा कडेच्या उंचवट्यावर, बोटाचं पेर चापावर. कोपर खाली. मला तिचा चेहरा कडेने दिसत होता. तो इतका शांत होता, की खाणीतल्या भेगेत घुमणारं पारव्यांचं घुटर्घू मला स्पष्ट ऐकू आलं. शेवटची सरावाची गोळी काळ्या चांदाच्या मधोमध गेली.

नंतरच्या मोजायच्या गोळ्यांबद्दल मी काय लिहू? सुभेदार दुर्बिणीला डोळा लावून बसले होते आणि प्रत्येक बारानंतर नुसतं "हं" म्हणत होते. पहिले "हं" साधे होते. पुढचे हळूहळू लांबत गेले. मध्येच त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि डोळे मिटून नुसतं ऐकत राहिले. बार, थांबणं, श्वास, बार. घाई कुठेच नव्हती. शेजारच्या चटईवरची कॉलेजची मुलगी चांगली नेमबाज होती, पण ती आता आपला चांद सोडून मधूनमधून इकडे बघू लागली होती, आणि नेमबाजाने तसं करू नये.

गुडघ्यावर बसायची वेळ आली तेव्हा माझ्या बायकोने घडी केलेलं पोतं घोट्याखाली घेतलं आणि ती टाचेवर बसली, जशी बाई चुलीपुढे बसते. मूठ तीच होती, हात तोच. बांगड्यांनी आता तिच्या हातावर लाल वळ उठवले असतील, पण तिने तिकडे पाहिलं नाही. शेवटची गोळी झाडून तिने रायफल खाली ठेवली आणि मला शोधलं. मी हात वर केला. का कुणास ठाऊक, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा तो वरच राहिला.

कागद मोजायला पंचांना वेळ लागला. सुभेदार त्यांच्या टेबलाशी मागे हात बांधून उभे होते. मग पंच भोंग्यापाशी गेले आणि पुण्याला जाणाऱ्या उमेदवाराचं नाव त्यांनी वाचलं. आधी तिचं, मग माझं, मग आडनाव, आणि शेवटी खालापूर. मास्तरीणबाई कुठेच नव्हतं. आवाज समोरच्या कड्यावर आदळला आणि तेच नाव डोंगराने पुन्हा एकदा उच्चारलं. सुभेदारांनी टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकला. टोपी डोक्यावरच होती.

ती उभी होती तिथेच राहिली, आणि चेहरा ओंजळीत धरून हसत होती. कॉलेजच्या मुलीने येऊन तिचा हात हातात घेतला, कोपराशी रुतलेला चुडा पाहिला आणि म्हणाली, "दुखत नाही का हो?" "आता दुखंल," माझी बायको म्हणाली.

आई मात्र सतरंजीवरून उठली, दोरी उचलून खालून आत शिरली आणि तडक पंचांपुढे जाऊन उभी राहिली. "डोंगरामुळं नीट ऐकू नाय आलं, साहेब," ती म्हणाली. "परत येकदा सांगा."

पंचांनी तिच्याकडे पाहिलं, मग सतरंजीवरच्या बायकांकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि भोंग्याशी तोंड नेऊन ते नाव पहिल्यापेक्षा मोठ्याने वाचलं.